घरट्याचा खांब

मी एक जुना खांब आहे, असं म्हणताना मला थोडी लाजच वाटते. बाळे आणि पाकणी या स्थानकांच्या मध्ये, चिंचोळी एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, रुळाशेजारी मी उभा आहे आणि मला इथे उभं करून फार वर्षं झालेली नाहीत. पण सोलापूरच्या उन्हाने अंगावरचा क्रमांक पुसट झाला, पायथ्याच्या सिमेंटला तडे गेले, आणि मनावर एक ओझं येऊन बसलं. ते ओझं विजेच्या तारेचं नाही. तार धरण्यासाठीच माझा जन्म झाला, तिचा मला कधी भार वाटला नाही.

मित्रांनो, जन्माने मी लोखंड. लांबच्या एका कारखान्यात मला कापलं, जोडलं आणि गंज चढू नये म्हणून जस्ताच्या उकळत्या रसात बुडवलं. मग माझ्यासारख्या कितीतरी भावंडांबरोबर मी मालगाडीतून आलो. मुरमात खड्डा खणून मला उभं केलं आणि माझ्या अंगाला एक आडवा हात जोडला. त्या हाताला चिनी मातीची, चकत्याचकत्यांची एक जाड कांडी लावली. तिला इन्सुलेटर म्हणतात. माझ्या हातावरून जाणाऱ्या तारेत पंचवीस हजार व्होल्टची वीज असते. ती माझ्या अंगात उतरू नये म्हणून ही कांडी मध्ये असते. म्हणजे मी तार धरतो, पण तिला शिवत नाही. हे एवढं हातभर अंतर राखणं, हेच माझं सगळं काम.

विजेची पहिली गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा तिच्या इंजिनाला झेंडूच्या माळा होत्या. त्याआधी डिझेलची इंजिनं जायची, तेव्हा धुराची काजळी शेडच्या पत्र्यांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. ती बंद झाली. कारखान्यांच्या छपरांवर सौर पाट्या चमकू लागल्या. सोलापूरच्या नियंत्रण कक्षात एक मोठा पडदा आला. कुठल्या टापूतली वीज गेली, हे त्यावर क्षणात उमटतं. एका मोठ्या साहेबांनी आम्हा खांबांकडे हात करून सांगितलं, "हे नव्या रेल्वेचे शिलेदार!" खांबाला फुगता येत नाही, पण मी फुगलो.

फुगलो खरा, पण एक गोष्ट मला तेव्हाही टोचत होती. माझ्या मागे कुंपणाच्या कडेने बाभळींची एक रांग होती. फांद्या तारेला लागतील म्हणून ती रांग कापावी लागली. तिथे कावळे राहायचे. कापणाऱ्या माणसांचा काही दोष नव्हता, कारण तार ओढायची तर फांदी जवळ नको, हे खरंच आहे. बाभळी आमच्यासाठी गेल्या. त्यांच्या सावलीत बसणारी गाई-गुरं दुपारी माझ्या सावलीत येऊन उभी राहू लागली. माझी सावली ती केवढी! एका शेळीला पुरत नाही.

मग एका चैत्रात एक कावळी माझ्या हातावर येऊन बसली. मान वाकडी करून तिने मला नीट पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी काटकी घेऊन आली. काटक्या पुरेशा मिळेनात तेव्हा ती तारेचे तुकडे आणू लागली. मला हे थांबवता आलं नसतं हे खरं आहे. पण त्याहून खरं असं, की मला ते आवडलं होतं. घरटं अंगावर आलं आणि मला झाड झाल्यासारखं वाटलं.

आता त्या तारा कुठून यायच्या ते सांगतो. कुंपणापलीकडे टॉवेलची एक पॅकिंग शेड आहे. तिथे मीनाबाई कामाला येते. पन्नाशी ओलांडलेली, कमी बोलणारी, आणि हाताला विलक्षण चटपटीत बाई. सुताचे गठ्ठे बारीक तारेने करकचून बांधलेले येतात. पक्कडीने ती तार कापायची, गठ्ठा सोडायचा, आणि तारेचा तुकडा टाकून द्यायचा. बाकीच्या बाया तो तसाच भिरकावत. मीनाबाई मात्र प्रत्येक तुकड्याला बोटांनी पीळ देऊन त्याची गोल कडी करायची. उघडं टोक कुणाच्या पायात रुतायला नको, म्हणून. मग त्या कड्या ती कुंपणापलीकडे, माझ्या बाजूला टाकायची, कारण तिकडे कुणी अनवाणी चालत नाही असं तिला वाटायचं.

दुपारी ती कुंपणाशी बसून भाकरी खायची आणि शेवटचा घास कावळ्यांना टाकायची. तिच्याबरोबर काम करणारी जगदेवी तिला चिडवायची, "मीनाक्का, तुजं जावई आलं बग जेवाया!" मीनाबाई हसायची. कावळी भाकरी खायची आणि जाताना चोचीत एक कडी उचलायची. तिच्या कड्या माझ्या हाताला इतक्या छान अडकायच्या, की वाऱ्यानेसुद्धा घरटं हलत नसे. माणसाच्या पायाची काळजी म्हणून केलेली ती कडी, आणि ती येऊन बसत होती विजेच्या हातभर अंतरावर. हे मी रोज पाहत होतो.

मीनाबाईचा मुलगा रत्नदीप रेल्वेच्या विजेच्या लाइनवर कामाला आहे. त्याचे वडील प्रदीप रुळांच्या गँगमध्ये होते. ते आजारपणात गेले आणि त्यांच्या जागी हा लागला. नोकरी नवी होती, अजून पक्की झाली नव्हती. घरात कमावणारी ही दोनच माणसं. उन्हाळ्यात रत्नदीपला एक खास काम असायचं, ते म्हणजे खांबांवरची घरटी काढणं. तुम्हाला वाटेल, रेल्वेने पाखरांच्या मागे का लागावं? तर घरट्यातली एक तार जरी माझ्या हातापासून त्या विजेच्या तारेपर्यंत पोचली, तरी ठिणगी उडते, वीज जाते आणि गाड्या जिथल्या तिथे उभ्या राहतात. म्हणून वैशाखात ही माणसं माना वर करूनच चालतात.

त्या दिवशी लाइनची वीज बंद करून थोडा वेळ मिळाला होता. त्याला ते ब्लॉक म्हणतात. टॉवर वॅगन, म्हणजे वर उचललं जाणारं मचाण असलेली त्यांची गाडी, माझ्याशेजारी येऊन थांबली. मचाणावर रत्नदीप होता. खाली रुळात काव्या मॅडम उभ्या होत्या. या इथल्या तरुण इंजिनिअर, अक्कलकोटकडच्या. घाई झाली की त्यांच्या तोंडून कन्नड निसटायचं.

रत्नदीपने घरट्यात डोकावलं आणि त्याचा हात थांबला.

"मॅडम, पिल्लं हायत हितं. डोळं उघडल्यात."

काव्या मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "रत्नदीप, ब्लॉक संपत आलाय. काढ ते."

"आट-धा दिस थांबलं तर उडत्याल की. मॅडम, हा आठवडा पौर्णिमेचा हाय आमचा. आईसंगं विहारात पंचशील म्हनायचंय. तोंडानं म्हनायचं जीव घेनार न्हाय, आन् हातानं हे करायचं?"

"मला आनंद होतोय का? पण उद्या ठिणगी पडली तर गाडीतल्या माणसांना मी काय सांगू? काढ. बेग, बेग!"

बेग म्हणजे लवकर. रत्नदीप लवकर कामाला लागला, पण त्याने केलं वेगळंच. त्याने घरट्यातल्या तारा तेवढ्या एकेक करून सोडवल्या आणि पिशवीत भरल्या. काटक्या आणि पिल्लं तशीच ठेवून घरटं हळूच माझ्या अंगाशी सरकवलं, कांडीपासून लांब. मग खाली वाकून म्हणाला, "झालं, मॅडम."

काव्या मॅडमनी तारांनी भरलेली पिशवी पाहिली. वर पाहिलं नाही. ऊन डोळ्यांत घुसत होतं आणि पुढचे खांब बाकी होते. त्यांनी फोनवर घरटं निघाल्याचं आणि लाइन मोकळी झाल्याचं कळवलं आणि टॉवर वॅगन निघून गेली.

तेव्हा मला वाटलं, काय शहाणा मुलगा आहे! पिल्लंही वाचली आणि तारही मोकळी झाली. मी मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली. आज ते आठवलं की मला माझीच चीड येते. कारण तारा निघाल्यावर घरटं खिळखिळं झालं होतं, आणि तीन पिल्लांचं घर सैल झालेलं कुठली आई बघत बसेल? कावळी त्याच संध्याकाळी कुंपणाशी गेली. कड्यांना तिथे काय तोटा! बरं, तिला आता घरटं जिथे होतं तिथे आवडेना. रोज एकेक कडी जोडत ती पुन्हा कांडीच्या बाजूला सरकत राहिली. मला ते दिसत होतं. कळतही होतं. ओरडावंसं वाटत होतं, पण लोखंडाला कंठ नसतो.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, ती एक कडी घेऊन आली. तिला ती जागच्या जागी बसवता येईना. दोन-तीनदा तिने चोचीने ओढून पाहिली. मग पंख पसरून जरा पुढे झुकली.

खाडकन आवाज झाला. माझ्या हातावरची कांडी तडकली. कावळी सरळ खाली खडीत पडली आणि पुन्हा हलली नाही.

सोलापूरच्या पडद्यावर त्याच क्षणी लाल खूण उमटली असणार. कुठे बिघडलं ते यंत्राला लगेच कळतं. का बिघडलं ते बघायला मात्र माणसालाच यावं लागतं.

पुण्याकडून येणारी एक नवीकोरी गाडी माझ्यापुढे थोड्या अंतरावर येऊन थांबली. तिच्या खिडक्या उघडत नाहीत, आतली हवा यंत्राने गार होते. वीज गेली आणि यंत्र बंद पडलं. डबे तापू लागले. गाडीतल्या कर्मचाऱ्यांनी दारं उघडून दिली आणि माणसं खाली उतरली. उतरून जाणार कुठे? बाभळी असत्या तर त्यांच्या सावलीत बसली असती. ती माणसं माझ्या बोटभर सावलीकडे बघत होती आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. पांढऱ्या टोपीतले एक आजोबा चालता चालता खाली बसले आणि आडवे झाले. त्यांची सून घाबरून हाका मारू लागली.

शेडमधल्या बायांना ते दिसलं. कुंपणाच्या फटीतून आधी जगदेवी आली, तिच्यामागे कळशी घेऊन मीनाबाई. त्यांनी नवे टॉवेल भिजवून आजोबांच्या डोक्यावर ठेवले, बाकीच्यांनाही दिले. जगदेवी पुटपुटत होती, "एवडी नवी गाडी म्हनं, आन् खिडकी उघडंना!" आजोबांनी डोळे उघडले, घोटभर पाणी प्यायलं. त्यांच्या सुनेने मीनाबाईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मावशी, तुमच्यामुळे वाचले हो." मीनाबाई संकोचून बाजूला झाली. रिकामी कळशी घेऊन ती परत निघाली ती नेमकी माझ्या पायाशी आली, आणि तिला कावळी दिसली.

तिने कळशी खाली ठेवली. कावळीच्या चोचीशी एक कडी होती, एका अंगाने काळी पडलेली. मीनाबाईने ती उचलली, बोटांत फिरवून पाहिली. मग मान वर करून माझ्याकडे, माझ्या हातावरच्या घरट्याकडे पाहिलं. तिथे सगळ्या तिच्याच कड्या होत्या. मित्रांनो, तिच्या नजरेला नजर देणं मला तेव्हा जमलं नाही आणि आजही जमत नाही.

एव्हाना टॉवर वॅगन आली होती. रत्नदीप धावतच आला.

"आई, तू हितं कशी? लांब हो, लाइनखाली थांबू नको."

"ही माजी हाय," मीनाबाई म्हणाली.

"काय?"

"कडी. ह्यो पीळ माजा हाय. पायात रुतू नाय कुनाच्या म्हनून मी अशी वळत्ये." तिने कडी त्याच्यापुढे धरली. "भाकरी बी मीच घालत हुते तिला. हितं बोलावली मी, आन् मारली बी मीच."

रत्नदीपचा चेहरा उतरला. त्याने आईकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या काव्या मॅडमकडे. त्या सगळं ऐकत होत्या.

"तू न्हाय, आई. घरटं मी काढलंच न्हवतं. नुसत्या तारा काढल्या. मॅडम, मी तुमाला खोटं सांगितलं."

मॅडमच्या आधी मीनाबाईच बोलली. आवाज चढवला नाही तिने.

"पैलं शील राखाया चौतं मोडलंस व्हय रं बाळा? आन् पैलं तरी कुटं राहिलं?"

पहिलं शील जीव न घेण्याचं आणि चौथं खोटं न बोलण्याचं. दुसऱ्या दिवशी ती दोन्ही त्याला आईशेजारी हात जोडून म्हणायची होती. रत्नदीपने डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि तो नुसता उभा राहिला. त्याला धड रडता येईना.

तेवढ्यात काव्या मॅडमचा फोन वाजला. नियंत्रण कक्षातून विचारणा होती. कांडी बदलायला किती वेळ लागेल ते त्यांनी सांगितलं. मग पलीकडून दुसरा प्रश्न आला असावा, कारण त्या थांबल्या. त्यांनी रत्नदीपकडे पाहिलं. चार दिवसांपूर्वी याच खांबावरचं घरटं निघालं असं त्यांनीच कळवलं होतं. खरं सांगितलं तर त्या पोराची नोकरी पक्की व्हायच्या आधीच जाणार होती. त्यांनी मीनाबाईकडे पाहिलं, तिच्या हातातल्या कडीकडे पाहिलं.

"पक्षी," त्या म्हणाल्या. "कारण पक्षी. नवीन घरटं बांधत होता."

फोन ठेवल्यावर त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. थोड्या वेळाने रत्नदीपला एवढंच म्हणाल्या, "त्या दिवशी मी वर बघायला हवं होतं. पुढच्या वेळी मला खरं सांग. आपण दोघं मिळून काहीतरी करू." मग घसा खाकरून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चला, कांडी काढा."

रत्नदीप मचाणावर चढला. एक पिल्लू गेलं होतं. उरलेल्या दोघांना त्याने हेल्मेटमध्ये ठेवून खाली आणलं. मीनाबाईने टॉवेलच्या खोक्यात चिंध्या घालून ते खोकं शेडच्या वळचणीला उंच बांधलं. पिल्लांचा बाप दुपारभर तारेवर बसून ओरडत होता. उन्हं कलल्यावर तो त्या खोक्याच्या कडेला येऊन बसला. मला तेवढाच दिलासा.

नवी कांडी बसली, वीज आली, गाडी हलली. डब्यांच्या दारातून माणसांनी या मंडळींकडे बघून टाळ्या वाजवल्या. एवढ्या उन्हात किती लवकर दुरुस्त केलं, म्हणून. काव्या मॅडमनी मान खाली घातली. रत्नदीपनेही. टाळ्या मलाही होत्याच असं समजतो, आणि मला त्या नको होत्या.

पौर्णिमेला शेड बंद होती. तरी सकाळीच मीनाबाई आली. पांढरं स्वच्छ लुगडं नेसलेली, हातात गोणपाट. कुंपणाबाहेर उकिडवी बसून ती खडीतल्या, गवतातल्या कड्या वेचू लागली. रत्नदीप ड्यूटीवर चालत चालत तिथे पोचला.

"विहारात गेली न्हाईस?"

"जाईन की संध्याकाळी. आदी हे."

तोही तिच्याशेजारी बसला. दोघं मिळून कड्या वेचू लागली. मग तो म्हणाला, "आई, हापिसात जाऊन खरं सांगू का मी?"

मीनाबाईचा हात थांबला. "आन् मॅडमचं काय? तुज्यापायी ती खोटं बोलली. आता तू खरा झालास की ती खोटी ठरनार."

तो पुन्हा वाकून कड्या वेचू लागला. ऑफिसात तो अजूनही गेलेला नसावा. तो आता घरटी काढतो ती काटक्या आणायच्या दिवसांतच, अंडी यायच्या आधी. प्रत्येक खांबाखाली काव्या मॅडम डोळ्यांवर हात धरून वर बघतात. शेडमध्ये तारांसाठी झाकणाचं पिंप आलं आहे आणि कुणी बाहेर तार टाकलीच तर जगदेवी टाकणारीच्या सात पिढ्या उद्धरते. हे सगळं चांगलंच झालं. पण रत्नदीप माझ्याजवळून जातो तेव्हा त्याची पावलं जड होतात, आणि ती जड होण्यात माझा वाटा आहे. मी झाड झाल्याच्या आनंदात होतो. एका पाखराला मी घर वाटलो, आणि मी घर नव्हतो.

मित्रांनो, विजेची गाडी हवीच. धूर गेला, हवा निवळली, त्याचा मला आजही अभिमान आहे. फक्त तुम्हाला हात जोडून एक मागणं आहे, आणि मला हातही एकच आहे, तोही आडवा. रुळाकाठी तारेचा तुकडा, पतंगाचा मांजा, चकचकीत पट्टी, काही टाकू नका. दिसली तर उचला. आमच्यासाठी एक झाड जिथे तुटलं, तिथून जरा लांब, तारेला लागणार नाही अशा जागी, दुसरं लावा आणि त्याला उन्हाळाभर पाणी घाला. पाखरांना आमच्यावर येण्याची वेळच येऊ देऊ नका.

कारण मी तर इथून हलू शकत नाही. कागदोपत्री त्या दुपारचा सगळा दोष त्या कावळीच्या नावावर आहे. आम्ही सगळे, तीन माणसं आणि एक खांब, त्यातून सुटलो आहोत. ती बिचारी तर फक्त आपल्या लेकरांचं घर घट्ट करत होती.